पांढरीवरची गढी

आमच्या परभणी जिल्ह्यातून एसटीनं प्रवास करताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातला हा मुलूख सपाट आहे. नजर जाईल तिकडे काळं रान, त्यात कापूस, तूर, सोयाबीन. आणि या सपाटीत मध्येच एखादं टेकाड उठलेलं दिसतं. टेकाडावर मातीचा एक बुरूज अर्धा ढासळलेला, त्याच्या फटीतून वर आलेला पिंपळ, आणि शेजारी ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी. ते टेकाड म्हणजे गावाची जुनी पांढरी आणि तो बुरूज म्हणजे गावाची गढी.

शिवरायांच्या गडकोटांविषयी आपण पुष्कळ ऐकतो, वाचतो. देवगिरी, नळदुर्ग, परांडा, कंधार या आपल्या मराठवाड्यातल्या किल्ल्यांवरही बरंच लिहिलं गेलं आहे. पण गढीकडे फारसं कुणी वळत नाही. ती किल्ल्याएवढी मोठी नाही आणि देवळासारखी पवित्रही नाही. तिच्यावर पुरातत्त्व खात्याची निळी पाटी सहसा नसते. म्हणून ती पडते आणि पडताना कुणी दखल घेत नाही. मी गेली काही वर्षं सवड मिळेल तशा या गढ्या पाहत हिंडतो आहे. आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

गढी म्हणजे काय, हे आधी पाहू. किल्ला राजाचा असतो. त्यात फौज राहते, किल्लेदार बदलतो. वाडा हे घर असतं. त्यात कुटुंब राहतं. गढी या दोहोंच्या मधली. ती घरच आहे, पण लढायची पाळी येईल हे धरून बांधलेलं घर. तिचा मालक देशमुख, देशपांडे किंवा पाटील, म्हणजे वतनदार. गावपातळीवर पाटील आणि कुलकर्णी, आणि पाच-पन्नास गावांच्या परगण्यावर देशमुख आणि देशपांडे, ही आपल्याकडची जुनी घडी. राजा बिदरला असो, अहमदनगरला असो, दिल्लीला असो की हैदराबादला असो, सारा गोळा करायचा तो याच माणसांनी. वसूल झालेलं धान्य आणि पैका सुरक्षित ठेवायला जागा हवी, कागदपत्रांना जागा हवी, दहा-वीस शिपाई बाळगायचे तर त्यांनाही जागा हवी. गढी ही एकाच वेळी कचेरी, कोठार, ठाणं आणि घर होती.

काळी आणि पांढरी

आता ती टेकाडावर का असते, ते पाहा. आपल्या जुन्या बोलीत गावाचे दोन भाग असतात. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. जुन्या वतनी कागदांतही हे शब्द येतात. वस्तीच्या मातीला पांढरी का म्हणायचं? एकाच जागी माणसं शेकडो वर्षं राहतात. घरं पडतात, त्यावर पुन्हा घरं उभी राहतात. चुलीची राख, गुरांचं शेण, भिंतींची माती, चुना, हाडं, खापरं यांचे थर एकावर एक चढतात. जमीन उंचावत जाते आणि मातीचा रंग करडा-पांढरा होतो. पैठण, तेर, भोकरदन या आपल्या भागातल्या प्राचीन नगरांचा शोध उत्खनकांना अशाच पांढरीच्या टेकाडांत लागला. त्यामुळे गढी तीनशे वर्षांची असली, तरी तिच्या पायाखालचं टेकाड हजार-दोन हजार वर्षांचंही असू शकतं.

या पांढऱ्या मातीत एक मोठा गुण आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिची भिंत टिकत नाही. पांढरी माती फारशी फुगत नाही आणि फारशी भेगाळतही नाही. भिजवून, तुडवून तिचे थर एकावर एक चढवले आणि वाळू दिले, की भिंत दगडासारखी घट्ट होते. जिंतूरच्या बाजूला डोंगर आहे, तिथं दगड हाताशी. पण गोदाकाठच्या खोल काळ्या रानात दगड बाहेरून, बैलगाडीनंच आणावा लागे. म्हणून गवंड्यांनी शहाणपणाचा मार्ग काढला. खाली पुरुष-दीड पुरुष उंचीपर्यंत घडीव काळा दगड, म्हणजे पावसाचं पाणी आणि जमिनीची ओल वर चढणार नाही. आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीची किंवा भाजलेल्या विटांची जाड भिंत. कुठं पायात जवळच्या पडलेल्या जुन्या देवळाचे कोरीव दगडही लावलेले दिसतात. एखाद्या तटात उलटी बसवलेली कमळाची पाकळी दिसली, की समजायचं, यादवकाळातल्या एखाद्या मंदिराचा दगड इथं कामाला आला आहे.

मातीची भिंत म्हणजे कच्चं काम, अशी आपली समजूत असते. लढाईच्या दृष्टीनं पाहिलं तर तसं नाही. तोफेचा गोळा दगडी भिंतीवर आदळला की दगड फुटतो, निखळतो. मातीच्या जाड भिंतीत तो रुतून बसतो. भरतपूरच्या मातीच्या तटापुढे १८०५ मध्ये इंग्रजांचे चार हल्ले फसले, ते काही उगीच नाही. आपल्या भागातलंही एक उदाहरण आहे. नांदेड-हिंगोलीच्या मुलखात नोव्हा नावाचं ठाणं होतं. तिथं हटकर सरदार नोवसाजी नाईक आणि त्याच्याकडच्या अरब शिपायांना निजामाच्या इंग्रजी अंमलदारांच्या फौजेनं जानेवारी १८१९ मध्ये वेढा घातला. वेढा तीन आठवड्यांहून अधिक चालला. शेवटी तटाखाली सुरुंग लावावे लागले, तेव्हा ठाणं पडलं. आतले चारशेहून अधिक लोक मारले गेले. फौजेला ही कामगिरी एवढी मोठी वाटली की 'नोव्हा' हे नाव त्या पलटणींच्या मानचिन्हांत कोरलं गेलं. आज ते नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत नाही.

आत काय होतं?

चला, आता गढीत शिरू. साधारण चौकोनी तट, चार कोपऱ्यांना चार बुरूज. बुरुजांत आणि तटात तिरप्या भोकांच्या जंग्या. त्यांतून आतल्याला बाहेरचं दिसतं, बंदुकीची नळी बाहेर काढता येते, पण बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. दरवाजा एकच आणि तो मोठा, सागवानी, लोखंडी खिळे ठोकलेला. पण रोजची ये-जा त्यातून नव्हे, तर त्याच्या एका फळीतल्या छोट्या दिंडी दरवाजातून. दिंडीतून जायचं तर वाकावं लागतं. शत्रू आत आला तरी मान खाली घालूनच येणार, ही त्यातली योजना. गावातल्या माणसालाही तसंच, वाकूनच आत यावं लागे, हेही विसरता येत नाही.

दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या, पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या जागा. पुढं वाट सरळ नसते, ती वळते. वळल्यावर पहिला चौक. तिथं सदर. सदरेवर निवाडे होत, सारा मोजून घेतला जाई, कुळकर्ण्याचं दप्तर उघडलं जाई. त्याच्या मागं दुसरा चौक, घरातल्या मंडळींचा. मध्ये तुळशीवृंदावन, भोवती सोपे, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली. लाकडी खांब, तुळया, आणि वर मातीचं सपाट माळवद. माळवदाला उजेडासाठी साणं. भिंतींच्या पोटात बळदं, म्हणजे धान्य साठवायच्या चोरकोठ्या. वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. जमिनीत पेवं. आणि हमखास एक आड, कारण वेढा पडला तर पहिला प्रश्न पाण्याचा.

गढीत फिरताना बरोबरचा माणूस दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहत नाही. पहिली भुयाराची: इथून शेजारच्या गढीपर्यंत घोडेस्वार जाईल एवढं भुयार आहे. दुसरी धनाची: मोहरांचे सात हंडे आहेत, त्यांवर नाग आहे. भुयार म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा पेव, तळघर किंवा संकटकाळी तटाबाहेर पडायची छोटी वाट असते. हंड्यांचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. गुप्तधनाच्या आशेनं रात्री-बेरात्री खणून गढ्यांची जेवढी जोती उखडली गेली, तेवढी शत्रूच्या तोफांनीही उखडली नसतील. सापडलेलं धन सरकारला कळवलं पाहिजे, असा कायदा १८७८ पासून आहे. पण खणणाऱ्याला कायदा माहीत नसतो, आणि त्याला तिथं सापडतात ती बहुधा खापरंच.

एका गावासाठी दोन राजे लढले

गढी कशासाठी होती ते समजायला आपल्याच जिल्ह्यातल्या पाथरीची कथा पाहावी. बहमनी राज्याचे तुकडे झाले तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे गेली. इकडे अहमदनगरची निजामशाही स्थापन करणारा अहमद निजामशहा हा मलिक हसन याचा मुलगा. आणि मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला ब्राह्मण मुलगा, बहमनी सुलतानाच्या स्वारीत पकडला जाऊन मुसलमान झालेला, असं फेरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. पुढं अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला, तेव्हा पूर्वजांचं गाव आपल्याकडे असावं असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. इमादशहानं नकार दिला आणि पाथरीला कोट बांधायला घेतला. १५१८ मध्ये बुऱ्हाणनं पाथरी घेतली. १५२७ च्या सुमारास ती हातची गेली, तेव्हा त्यानं पुन्हा वेढा घातला, दोन महिने तोफा चालवल्या आणि तिथला किल्ला जमीनदोस्त केला. परगणा त्यानं आपल्या ब्राह्मण नातलगांना दिला आणि तो अकबराच्या काळापर्यंत त्यांच्याकडे राहिला, असं फेरिश्ता सांगतो.

गोष्ट राजांची आहे, पण तिच्यातून आपल्या मुलखाची तऱ्हा कळते. हा सरहद्दीचा मुलूख. आधी निजामशाही आणि इमादशाही यांच्यामधला, मग निजामशाही आणि मोगल यांच्यामधला. १७१९ मध्ये शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम दख्खनचा धनी झाला. त्यानंतर एकाच शेतकऱ्याकडे दोन सत्तांचे वसुलीदार येऊ लागले. त्यात फौजांची ये-जा, पुढं पेंढाऱ्यांचा उपद्रव, त्यापुढं निजामाच्या पदरी असलेल्या आणि पगार थकलेल्या अरब-रोहिल्यांची दांडगाई. अशा काळात नगारा वाजला, की गावची माणसं गुरंढोरं घेऊन गढीच्या आश्रयाला धावत. मराठवाड्यातल्या आज दिसणाऱ्या बऱ्याचशा गढ्या याच धामधुमीच्या काळात बांधल्या किंवा वाढवल्या गेल्या.

गढीचं सगळ्यात थोर रूप पाहायचं तर आपल्या सीमेपलीकडे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला जावं. लखुजी जाधवरावांचा तिथला राजवाडा म्हणजे भुईकोट गढीच. त्याचं दगडी प्रवेशद्वार आजही उभं आहे. जिजाऊसाहेबांचा जन्म तिथला. जवळच काळा कोट आहे, प्रचंड जाड भिंतींचा, पण अपुरा राहिलेला. १६२९ मध्ये लखुजीरावांची देवगिरीवर निजामशाही दरबारात हत्या झाली. याच सिंदखेडला जून २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीच्या परिसरात दुरुस्तीचं काम चाललं असताना जमिनीखाली शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती सापडली. पांढरीच्या पोटात काय असतं, याचं याहून ठसठशीत उदाहरण दुसरं नाही.

स्कॉटलंडातली आपली भावंडं

हे सारं फक्त आपल्याकडेच घडलं असं समजू नका. हजारो मैल दूर, स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सरहद्दीवर हीच परिस्थिती होती. दोन राज्यांच्या मधला मुलूख, रात्री येऊन गुरं पळवणाऱ्या टोळ्या, आणि दूर बसलेला राजा. तिथल्या जमीनदारांनी काय केलं? त्यांनीही तटबंद घरं बांधली. १५३५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं कायदाच केला की, सरहद्दीवरच्या ठरावीक उत्पन्नाच्या जमीनदारानं आपल्या माणसांच्या आणि मालमत्तेच्या आसऱ्यासाठी दगड-चुन्याचा तट बांधलाच पाहिजे. आपल्याकडे कायदा नव्हता, पण गरज तीच होती.

त्या घरांना तिकडे टॉवर हाऊस म्हणतात, म्हणजे मनोऱ्यासारखं घर. आपली गढी आडवी पसरते, त्यांचं घर उभं चढतं. तळमजल्यावर दगडी कमानीचं कोठार, वर बैठकीचं दालन, त्यावर मालकाची निजायची खोली, सगळ्यांना जोडणारा एकच अरुंद गोल जिना आणि खाली एकच दार, त्याला लोखंडी जाळीचा दुसरा दरवाजा. भोवती छोटा तट, त्यात संकटकाळी गुरं. थंडीच्या देशात एकावर एक खोल्या रचल्या की ऊब राहते. आपल्या उन्हाच्या देशात चौक हवा, वारा हवा, आणि चार भावांच्या चार चुली मावतील एवढी ऐसपैस जागा हवी. हवामान आणि कुटुंब वेगळं म्हणून घराचा आकार वेगळा झाला. भीती मात्र एकच होती.

१६०३ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा राजा एकच झाला, सरहद्द सरहद्द राहिली नाही, आणि या मनोऱ्यांची गरज संपत गेली. मालक मोठमोठ्या खिडक्यांच्या आरामशीर घरांत गेले. मनोरे ओस पडले, शेतकऱ्यांनी त्यांचे दगड मेंढ्यांच्या वाड्यांना वापरले. यातलाच एक स्मेलहोमचा मनोरा. प्रिंगल नावाच्या घराण्यानं पंधराव्या शतकात खडकाळ टेकाडावर बांधलेला, सुमारे वीस मीटर उंच. अठराव्या शतकात तोही ढासळायला लागला होता. पण त्याच्या पायथ्याच्या शेतावर एक लहान मुलगा आजोबा-आजीकडे राहायला आला. पोलिओनं त्याचा पाय अधू झाला होता. त्यानं तिथं सरहद्दीवरच्या लढायांच्या गोष्टी आणि पोवाड्यांसारखी गाणी ऐकली. तो मुलगा म्हणजे पुढचा प्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट. मोठेपणी त्यानं ती गाणी गोळा करून १८०२-०३ मध्ये छापली, आणि त्या मनोऱ्याचं नाव साहित्यात आलं. आज तो मनोरा तिथलं सरकार जपतं, लोक तिकीट काढून पाहतात. दगड तेच होते, पण गोष्ट लिहिली गेली म्हणून त्यांना किंमत आली.

गढी पडली कशी?

आपली गढी शत्रूनं पाडली नाही. ती हळूहळू निरुपयोगी होत गेली. सालारजंग १८५३ मध्ये हैदराबादचे दिवाण झाले. त्यांनी मक्त्यानं सारा वसूल करण्याची पद्धत मोडली, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, पगारी तहसीलदार नेमले. देशमुख-देशपांड्यांना रोख रुसूम मिळत राहिला, पण वसुलीचं काम गेलं. सदरेवर सारा मोजणं थांबलं. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला. सेलू, मानवत, परभणी, पूर्णा इथं कापसाची बाजारपेठ वाढली. पैका गढीकडून रेल्वे टेशनाकडे सरकला. रझाकारांच्या दिवसांत काही गावांनी पुन्हा एकदा गढीच्या तटाचा आसरा घेतला, असं जुनी माणसं सांगतात. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला, आणि १९६२ च्या कायद्यानं वंशपरंपरागत मुलकी पाटीलकीही संपली. घर फिरलं म्हणजे घराचे वासेही फिरतात म्हणतात, तसंच झालं. भावांच्या वाटण्या झाल्या. एकाच चौकात चार भिंती उभ्या राहिल्या. मुलं शिकून औरंगाबाद-पुण्याला गेली. १९७२ च्या दुष्काळानं उरलीसुरली शेतीही कुणाकुणाची मोडली. सागवानी तुळया, कोरीव खांब, दारं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांनी नेली.

छप्पर गेलं की मातीच्या भिंतीचं मरण ठरलेलं. पाणी माथ्यावरून आत मुरतं आणि भिंत आतून सुटते. त्यात १९९३ चा किल्लारीचा भूकंप. दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद यांनी तिथं हजारो जीव घेतले. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची लोकांना भीती वाटू लागली, आणि ती भीती रास्त होती. आता राहिली माती. पांढरी माती शेतात टाकली की पीक जोमानं येतं, कारण शेकडो वर्षांची राख आणि शेण तिच्यात मुरलेलं असतं. पूर्वी लोक टोपल्यानं न्यायचे, आता जेसीबी लागतो. टोपलीनं शंभर वर्षांत जेवढी गढी गेली नसेल, तेवढी एका उन्हाळ्यात जाते.

गढी कुणाची?

इथं एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. गढी जपायची तर कुणासाठी? एका गावात मी गढीच्या वारसदारांशी तासभर बोललो. दसऱ्याचं सोनं, सदरेवरचा न्याय, दुष्काळात उघडलेली पेवं अशा आठवणी त्यांनी सांगितल्या. तिथून उठून गावाच्या खालच्या अंगाला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दोनच वाक्यं सांगितली. "आमच्या आज्यानं त्या भिंतीला माती वाहिली, वेठीनं. आन् आम्ही तिच्या म्होरून चपला हातात घेऊन जायचो." मी वहीत दोन्ही बाजू लिहून घेतल्या. दोन्ही खऱ्या आहेत.

म्हणूनच बारव आणि गढी यांत फरक पडतो. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या गावकऱ्यांनी आपली चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव श्रमदानानं मोकळी केली, दिव्यांनी उजळली. बारवेचं पाणी गावाच्या उपयोगाचं, म्हणून हात पुढे आले. गढीसाठी तसे हात येत नाहीत. वारसदार म्हणतात, पैसे नाहीत. गाव म्हणतं, ती त्यांची. खाली राहणारे म्हणतात, पडली तर बरं. यात कुणालाही दोष देता येत नाही.

तरीही मला वाटतं, गढी नाहीशी होण्यानं सगळ्यात मोठं नुकसान गढीवाल्यांचं नाही. त्यांच्या घराण्याचा इतिहास कुठल्या तरी सनदेत, बखरीत, वंशावळीत राहील. पण ज्यांनी माती तुडवली, दगड घडवला, लाकूड कोरलं, पहारा दिला, वेठ केली, त्या गवंडी, वडार, सुतार, लोहार, मांग, महार माणसांनी मागं ठेवलेला एकच लेख आहे, आणि तो म्हणजे ही भिंत. मातीच्या थरात दाबलेल्या बोटांच्या खुणा काही ठिकाणी अजून दिसतात. ती माती ट्रॅक्टरनं शेतात पसरली की तो लेख पुसला जातो. मग वेठ होती याचा पुरावाही राहत नाही.

करता येईल असं

सगळ्या गढ्या दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. ते होणार नाही, आणि धोकादायक भिंतीखाली लोकांनी राहावं असं तर मुळीच नाही. कायद्याचं संरक्षण मिळतं ते सरकारनं अधिसूचना काढून जाहीर केलेल्या स्मारकांनाच, आणि गावोगावच्या बहुतेक गढ्या त्या यादीत नाहीत. पण नोंद तर करता येईल. एक टेप, एक वही आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन शाळेतली चार मुलं आणि एक शिक्षक दोन दिवसांत गढीचा नकाशा काढू शकतात: तटाची लांबी, भिंतीची जाडी, बुरूज किती, दरवाजा कुठल्या दिशेला, आड कुठं. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी सुरू झाली. त्या नकाशांत गढीचा चौकोन आकाशातून कसा दिसतो, हे आपल्या ग्रामपंचायतीत विचारून पाहा.

दुसरं काम कागदांचं. कित्येक घरांत अजून पत्र्याच्या पेटीत मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांत सारा, पीक, पाऊस, भांडणं, तगाई, लग्नं सगळं आहे. वाळवीला मोडी वाचता येत नाही, ती सरसकट खाते. मोडी वाचणारी नवी मुलं आता तयार होत आहेत. त्यांना ते कागद निदान दाखवा, फोटो काढू द्या. आणि तिसरं काम आठवणींचं. वरच्या अंगाच्या आणि खालच्या अंगाच्या, दोन्ही. ऐंशी-नव्वदीची माणसं आज आहेत, दहा वर्षांनी नसतील.

आणि निदान एक गोष्ट आजपासून थांबवता येईल. माती हवी तर तळ्यातला गाळ काढा, त्यानं रानही सुधारेल आणि तळंही. पण गढीच्या पांढरीला जेसीबी लावण्याआधी ग्रामसभेत एकदा विषय मांडा. ती माती आपल्या गावाचं सर्वांत जुनं दप्तर आहे आणि तिची दुसरी प्रत कुठल्याही कचेरीत ठेवलेली नाही.